बोर्ड खोटं बोलत नाही

इमारतीत तिला सगळे ट्रंकबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण पाठीमागे सर्रास चालायचं आणि बाईला ते ठाऊक होतं. तिला ठाऊक नाही असं तिच्या मते जगात फारसं काही नव्हतंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडण्यात तिची एकोणतीस वर्षं गेली होती. परगावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागे, मग ऑपरेटर बाई बोर्डावरच्या भोकात दोरीची पिन खुपसून दोन गावं जोडून देई, असा तो काळ. बोर्डावर प्रत्येक गावाचं भोक ठरलेलं, भोकावर इवलासा दिवा. दिवा लागला की कुठलं गाव बोलतंय ते कळायचं. माणूस काय वाटेल ते सांगो, दिवा सांगायचा ते खरं.

"माणूस खोटं बोलतं, बोर्ड बोलत नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. नोकरी संपून चौदा वर्षं झाली, बोर्ड भंगारात गेला, पण वाक्य काही निवृत्त झालं नाही. दूधवाला आजारी होता म्हणाला की ती त्याच्या चपला बघायची. मीटर बघायला आलेल्याला आधी ओळखपत्र, मग ओळखपत्रावरचा फोटो आणि मग पुन्हा एकदा तो स्वतः, अशा क्रमाने तपासायची. तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणायची, "अहो, तुम्ही आरशातसुद्धा दोनदा बघत असाल, एकदा स्वतःला आणि एकदा मागे कोण आहे ते." यावर ट्रंकबाई हसायची नाही. तिला त्यात विनोद काय ते कळायचंच नाही.

तिला एकच मूल, लेक. आणि ही लेक ट्रक चालवायची. साधा ट्रक नव्हे, अठरा चाकांचा, सहा-सात देशांच्या सीमा ओलांडून जाणारा. आज बंदरातून यंत्रं उचल, परवा डोंगरापलीकडे उतरव, तिथून लाकूड भर, चौथ्या दिवशी तिसऱ्याच मुलखात. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण बाईने मुरडलं नाही. पोरगी कमावते, सरळ रस्त्याने जाते, ब्रेक लावते, झालं. फक्त फोन रोज यायला हवा. तो यायचा. प्रत्येक देशात लेक नवं सिमकार्ड घ्यायची, त्यामुळे प्रत्येक वेळी नंबरापुढचा देशाचा कोड वेगळा असायचा. बाईला कोड तोंडपाठ. फोन वाजला की ती आधी चष्मा लावायची, कोड वाचायची आणि मग उचलून म्हणायची, "नदीपलीकडे पोचलीस का?" लेक म्हणायची, "आई, निदान मला सांगू तरी दे." बाईला त्या वेळी फार बरं वाटायचं. डोळ्यांनी दिसत नसलं तरी पोरगी बोर्डावर होती.

मग त्या वर्षीच्या थंडीत एक नवाच कोड आला.

बाईने तो दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. तो कोड एका बेटाचा होता. समुद्रातलं नखाएवढं बेट. त्याच्या नावावर तिने अख्ख्या नोकरीत अकरा कॉल जोडले होते आणि ते अकराही जण एक्स्चेंजच्या बूथमध्ये शिरल्यावर दार नीट लागलंय ना ते हात लावून बघणारे होते. कोट चांगले, नजर वाईट. बेटाबद्दल तिला इतकीच माहिती होती, पण तिच्यासारखीला तेवढी रग्गड होती.

"कुठे आहेस?" तिने विचारलं.

"डोंगरात गं. बर्फ आहे नुसता. साखळ्या बांधल्यात चाकांना."

बाईच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली पठारावर आहे. कोड बेटाचा. आठवड्याने म्हणाली बंदरावर आहे, क्रेनची वाट बघतेय. कोड बेटाचा. तीन मुलूख, एकच भोक! शिवाय आवाज अर्धा श्वास उशिरा येत होता, आणि असला उशीर बाईच्या कानातून सुटणं शक्य नव्हतं. तिने नकाशाचं पुस्तक काढून बेट शोधलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रस्ता, तोसुद्धा सायकलवर संपेल इतका. अठरा चाकांचा ट्रक तिथे चालवणार कुठे, आणि वळवणार कुठे?

"अगं, हे आधीचं सिम नाहीये," लेकीने समजावलं. "प्रवासाचं सिम घेतलंय. सगळ्या देशांत एकच चालतं. स्वस्तही पडतं. दर वेळी बदलायची कटकट गेली. आमचे सगळे ड्रायव्हर तेच वापरतात."

"मग ते बेटाचं कशाला? तू राहतेस इथे, गाडी चालवतेस तिथे आणि फोन तिसऱ्याच कोणाचा?"

"ते मला काय माहीत! पाकिटावर पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं काहीतरी."

बारीक अक्षर! बाईने डोळे मिटून घेतले. सरळ माणसाचं अक्षर बारीक नसतं अशी तिची खात्री होती.

त्यानंतरचे दोन महिने म्हणजे नुसती उलटतपासणी. खिडकीतून काय दिसतं? सूर्य किती वाजता मावळला? मागे कुत्रं भुंकलं ते कोणाचं? लेक सांगायची, बाई नकाशाशी आणि पंचांगाशी ताडून बघायची. ताळा जमला की तिला हायसं वाटण्याऐवजी वाटायचं, पोरगी तयारी करून बोलतेय. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच चक्र. ट्रक गेला असेल, नोकरी सुटली असेल, त्या बेटावर कोणा कोटवाल्याच्या घरी पोरगी काम करत असेल, किंवा त्याहून वाईट काही, आणि आईला कळू नये म्हणून बर्फाच्या गोष्टी सांगत असेल.

हे सगळं शिंपीणबाईने ऐकून घेतलं आणि दोरा दाताने तोडत म्हणाली, "मला विचाराल तर पोरीवर विश्वास ठेवा."

"विश्वास एकदा ठेवून बघितलाय मी," ट्रंकबाई म्हणाली आणि जिना चढून गेली.

ती एकदाची गोष्ट इमारतीत कोणालाच माहीत नव्हती. तिचा नवरा वजनकाटे तपासणारा होता. गावोगावच्या मोठ्या काट्यांवर जायचं, प्रमाणित वजनं ठेवून काटा खरा की खोटा ते बघायचं, शिक्का मारायचा. लेक चार वर्षांची असताना तो पंधरा दिवसांसाठी बंदरावर गेला होता. एका संध्याकाळी बाई ड्यूटीवर असताना बोर्डावर दिवा लागला. बंदराचा नव्हे, डोंगरातल्या शहराचा. पिन लावली तर त्या शहराची ऑपरेटर म्हणाली, "घ्या, पार्टी लाइनवर आहे," आणि पार्टी म्हणजे तिचा नवरा. "अगं, मीच. बंदरावरून बोलतोय. छोटीचा ताप उतरला का?"

डोंगरातल्या त्या शहरात त्याची लग्नाआधीची एक मैत्रीण राहत होती. बाईला ते माहीत होतं, त्यानेच सांगितलं होतं. तिने काही न बोलता पिन उपसली.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून, लेकीला घेऊन ती दहा दिवस भावाकडे जाऊन राहिली. परत आली ती संसारासाठी, त्याच्यासाठी नाही. नवरा म्हणाला, "मी बंदरावरच होतो." बंदराच्या काट्याचा, त्याच तारखेचा शिक्का असलेला कागद त्याने टेबलावर ठेवला. बाई म्हणाली, "शिक्के काय, तुझ्याच पिशवीत असतात." पुढे प्रत्येक दौऱ्यावरून आला की तो त्या त्या गावचा कागद न मागता टेबलावर ठेवायचा आणि बाई तो न बोलता वाचायची. छोटी लेक हे बघत मोठी झाली. मधूनच, दाढी करताना, बूट घालताना, काही विषय नसताना तो म्हणायचा, "मी बंदरावरच होतो गं." बाई उत्तर द्यायची नाही. अशी सव्वीस वर्षं गेली. सहा वर्षांपूर्वी तो गेला. जगाचे काटे तपासणाऱ्याचं घरातलं माप काही कधी पुरं भरलं नाही.

तर आता लेक. वसंत लागता लागता बाईचा धीर सुटला. ती फोनवर म्हणाली, "मला भिंतीला खिळलेल्या फोनवरून फोन कर. जिथे आहेस म्हणतेस, तिथल्या. तोवर या बेटाच्या नंबरवरून करूच नकोस. मी उचलायची नाही."

पलीकडे लेकीने इंजिन बंद केलं. मग लेक म्हणाली, "आई, बाबांनी कागद ठेवले टेबलावर. मी नाही ठेवणार. ते थकून गेले, पण तुझ्याबरोबर राहिले. मी थकले तर फोनच करणार नाही, एवढं लक्षात ठेव."

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईने स्वतःला समजावलं, भिंतीवरचा फोन शोधत असेल. आठवडा गेला. दहाव्या दिवशी तिने मानापमान गुंडाळून स्वतःच त्या नंबरवर फोन लावला. कुठल्याशा अनोळखी भाषेत एक बाई गोड आवाजात काहीतरी बोलली आणि लाइन कापली गेली. बेटच बोललं म्हणायचं.  पोरगी कुठे आहे हे जगात कोणाला विचारायचं, तेच तिला सुचेना.

आणि मग सुचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन गल्ल्या सोडून फॉल्टसाहेब राहत होते.

फॉल्टसाहेब म्हणजे एक्स्चेंजच्या टेस्टरूमचे इंजिनियर. लाइन कुठे तुटली हे नुसतं कान लावून सांगायचे म्हणून हे नाव. आता ऐंशीला टेकले होते. खोलीभर उघडे रेडिओ, स्क्रू काचेच्या बरण्यांत मापाप्रमाणे लावलेले, खुर्च्या दोन, पैकी एकीवर ट्रान्सफॉर्मर. त्यांनी तो उचलून खाली ठेवला आणि बाईंना बसायला सांगितलं. बाईने सगळी हकीकत सांगितली. साहेब हसायला लागले.

"बाई, तुमची मुलगी खरं बोलतेय. हल्लीची ही प्रवासाची सिमं बहुतेक असल्याच चिमुकल्या मुलखांची असतात."

"का पण?" बाईने भुवया चढवल्या. "लपवाछपवी करायला?"

"धंदा करायला. असं बघा. मोठ्या देशातली मोठी कंपनी आहे. तिची माणसं परदेशी गेली की ती त्यांना रोमिंगच्या नावाखाली सोलून काढते. आता प्रवासाचं स्वस्त सिम विकणारा तिच्या दारात गेला, तर ती कशाला स्वस्तात देईल? स्वतःच्या पायावर धोंडा? पण बेटावरच्या कंपनीचं तसं नाही. तिची गिऱ्हाइकं मूठभर. त्यांच्या रोमिंगवर तिचं घर चालत नाही. म्हणजे तिचं बुडणारं काही नाही."

"मूठभर गिऱ्हाइकं, मग जगभर तिला विचारतं कोण?"

"तिथेच तर गंमत आहे. बेटावरून बाहेर जाणारे थोडे, पण बाहेरून बेटावर येणारे पुष्कळ. फिरायला येतात, कामाला येतात. त्यांचे फोन तिथे चालायला हवेत म्हणून जगातल्या कंपन्यांनी बेटाशी करार केलेले असतात. तुमचा पाहुणा आमच्याकडे, आमचा तुमच्याकडे. म्हणजे करार शेकडो आणि वापरणारे मूठभर. शिवाय देशाचा दर्जा म्हटल्यावर नंबरही भरपूर मिळतात. माणसं चाळीस हजार आणि नंबर लाखांनी. रिकाम्या बसचा मालक काय करील? भाड्याने देईल. मोठ्या देशातले सरकारी बाबू म्हणतात, आमचे नंबर कायम परदेशात फिरायला नकोत. बेटावरचे बाबू म्हणतात, फिरू देत, चार पैसे तरी येतील."

"आणि त्या सिमचं घर?"

"बेटावर, पण नुसतं कागदोपत्री. ते सिम तिथे कधी गेलेलंच नसतं. जाईल तिथे पाहुणंच. तुमची मुलगी डोंगरात फोन चालू करते तेव्हा तिथली कंपनी बेटाला विचारते, ही तुमची का? बेट म्हणतं, आमचीच, लावून द्या."

 बाईला यात कुठेतरी फट सापडायला हवी होती. "पण आवाज उशिरा येतो."

"वळसा घेऊन येतो ना, म्हणून."

"बरं. मी फोन लावला तेव्हा कोण ती बाई बोलली?"

"रेकॉर्ड आहे. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल. डोंगरात रेंज कुठली?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला हे नवीन वाटतंय याचंच मला नवल वाटतंय. आपण नाही का वळवायचो? ती बंदराची केबल तुटली होती, आठवत नाही? जहाजाचा नांगर अडकून? बंदराची सगळी ट्रॅफिक आठवडाभर डोंगरातल्या शहरावरून घेत होतो. बंदराचा माणूस बोलायचा आणि बोर्डावर दिवा लागायचा डोंगराचा. ऑपरेटर बायकांना कळवणारी नोटीस लावायलाच दोन दिवस गेले. केवढा आरडाओरडा केलात तुम्ही सगळ्यांनी!"

बाई बरणीतल्या स्क्रूंकडे बघत राहिली.

"कुठलं साल?" तिने विचारलं.

साहेबांनी साल सांगितलं. महिनाही सांगितला. "तुम्ही नव्हतात वाटतं. हो, बरोबर, तुम्ही रजेवर होतात. आमच्याकडे माणसं कमी पडली म्हणून लक्षात आहे."

चहा झाला. बाईने तो पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला, साहेबांना नमस्कार केला. दोन गल्ल्या चालायला तिला अर्धा तास लागला. वाटेत शिंपीणबाईने हाक मारली, "कळलं का काही पोरीचं?" ट्रंकबाई थांबली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरीचंही कळलं." आणि वर गेली.

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती टेबलाशी बसून होती. ज्या टेबलावर कागद ठेवले जायचे तेच ते टेबल. एकही कागद तिने जपून ठेवला नव्हता. वाचून झाला की फाडायची. तिला ओरडून रडावंसं वाटत होतं, पण सवय नसल्यामुळे ते जमलं नाही.

साडेचारला फोन वाजला. स्क्रीनवर नंबर उमटला असणार. चष्मा शेजारीच होता. बाईचा हात सवयीने चष्म्याकडे गेला, थांबला, आणि तिने तशीच, न बघता, हिरवी खूण चाचपून फोन उचलला.

"आई? बघितलास नंबर?" लेकीला धाप लागली होती. "भिंतीवरचा आहे! खिंडीतल्या जुन्या नाक्यावर एकच उरलाय. पाच दिवस दरड कोसळून अडकलो होतो, रेंज नाही, काही नाही. आज गाडी लावून सहा किलोमीटर चालत आले. मी करणार नव्हते, शपथेवर सांगते. पण तू काळजी करशील म्हणून... बघ. नीट वाच कोड. देश बघ, गाव बघ."

"चष्मा लावला नाही मी."

"मग लाव ना!"

"नको. तू डोंगरात आहेस म्हणालीस ना? म्हणजे डोंगरातच आहेस."

 मग लेकीचा आवाज एकदम बदलला. त्यात जे होतं ते बाईने लगेच ओळखलं, कारण ते तिचंच होतं. "आई, तू बरी आहेस ना? काय झालंय? कोण आहे तिथे तुझ्याजवळ? खरं सांग."

"कोणी नाही. मी एकटी आहे, टेबलाशी बसलेय." बाईने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. "तुझे बाबा बंदरावरच होते गं."

हे वाक्य लेकीने लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण आईच्या तोंडून कधीच नाही. 

"कोणी सांगितलं तुला?" तिने विचारलं.

"त्यांनीच," बाई म्हणाली. "सव्वीस वर्षं सांगत होते."